पायांचा हिशेब : प्रकल्पाच्या नोंदी

२६ मे

विषय मंजूर झाला. 'घर आणि शेतातले संधिपाद प्राणी', म्हणजे सांध्यांच्या पायांचे कीटक, कोळी, खेकडे वगैरे. मॅडमनी अट एकच घातली, जिवंत काही मारायचं नाही. मेलेलं, टाकलेलं, गळून पडलेलं तेवढंच गोळा करायचं. महाविद्यालयात झुरळ चिरणं २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बंद करायला लावलं, त्यामुळे आमच्या बॅचने झुरळाचं पोट फक्त चित्रात बघितलंय. मला त्याचं दुःख नाही.

सुट्टीभर कोल्हापूरजवळच्या वडणग्यातच, घरी आहे. घर, परसू, मागे ऊस आणि उसापलीकडे पंचगंगा. सामान म्हणजे दहा पट दाखवणारं भिंग, आईच्या शिलाईच्या डब्यातला चिमटा, काड्यापेटीच्या रिकाम्या पेट्या आणि ही वही.

पहिला नमुना मोरीतच मिळाला. फरशीच्या फटीत झुरळाची कात. रंग पातळ चहासारखा, पाठीवर मधोमध सरळ चीर, आत काही नाही. मी कात म्हटलं की आजीला साप आठवतो. ती दारातून म्हणाली, "आगं, घरात काय किडं कमी हाईत, म्हणून डबीत भरून ठेवायलीस?"

भिंगाखाली धरली आणि अर्धा तास गेला. मिशीचं अस्तर टोकापर्यंत शाबूत. पायांवरचे काटे शाबूत. डोळ्यावरचा पापुद्रासुद्धा उतरलेला. आणि चिरेच्या आतल्या बाजूला पांढरे, केसाहून बारीक धागे लोंबत होते. आधी वाटलं बुरशी. पुस्तक उघडल्यावर कळलं, ते श्वासनलिकांचं अस्तर. झुरळाला फुप्फुस नाही. अंगाच्या दोन्ही कडांना श्वसनरंध्रांच्या १० जोड्या, तिथून नळ्या थेट पेशींपर्यंत. त्याचं रक्त प्राणवायू वाहत नाही, म्हणून तर ते आपल्यासारखं लाल नाही. या नळ्यांना आतून त्याच कवचाचं अस्तर असतं आणि कात टाकताना तेही ओढून बाहेर काढावं लागतं. म्हणजे सदरा काढताना छातीतलं अस्तरही काढायचं. झुरळ मोठं होईपर्यंत हे सुमारे १३ वेळा करतं.

१ जून

दुपारी वळीव बरसला. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंबावर भुंगेरे आले. हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे. वर्षभर जमिनीत काढतात आणि पहिल्या पावसाला बाहेर पडून निंबा-बाभळीवर जमतात. बाबा आणि शेजारचे काका काठीला आकडा लावून फांद्या हलवत होते, खाली ताडपत्री, बाजूला रॉकेलच्या पाण्याची बादली. मारायचं नाही हा नियम माझा आहे, बाबांचा नाही. गेल्या वर्षी नदीकडच्या तुकड्यातला ऊस मुळं खाल्ल्यामुळे हाताने उपटून येत होता. मी त्यांना काय सांगणार?

बादलीतून दोन भुंगेरे घेतले. मेलेल्यांत मोडतात, असं ठरवून टाकलं.

पाठीवरचे दोन टणक पंख उचलले की खाली घडी घातलेले पातळ पंख निघतात. उडायला तेच. वरचे नुसतं झाकण. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ओडिए याने १८२३ साली भुंगेऱ्याच्याच असल्या झाकणांपासून एक न विरघळणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला कायटिन नाव दिलं. त्याच्याकडचा भुंगेरा युरोपातला, पण हुमणीच्याच कुळातला. त्याआधी १८११ मध्ये ब्राकोनो याला तोच पदार्थ अळंबीत सापडला होता.

कायटिन म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, प्रत्येक कणाला नायट्रोजनचा एक गट चिकटलेला. तो गट काढून तिथे साधा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) बसवला की सेल्युलोज झालं. सेल्युलोज म्हणजे उसाचं चिपाड. ऊस आणि त्याची मुळं कुरतडणारी हुमणी, दोघांनी बांधकामाला माल जवळपास एकाच दुकानातून आणलाय. हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग कारखान्याला घाल की हुमणी. टनाला किती देतील?"

८ जून

मृग निघालं. सकाळी परसात मिरगाचा किडा. लाल मखमलीचा गोळा, तुरीच्या दाण्याएवढा. लहानपणी काड्यापेटीत ठेवायचो, संध्याकाळपर्यंत मरायचा आणि आजी ओरडायची. यंदा ठेवला नाही. पालथं पडून भिंगाने पाय मोजले.

आठ.

तीनदा मोजले. पुढची दोन स्पर्शकं पायांसारखीच दिसतात, त्यामुळे घोळ होतो, पण पाय आठच. म्हणजे मिरगाचा किडा कीटक नाहीच. तो कोळी-विंचवांच्या घरचा, गोचिडाचा चुलत भाऊ. त्याचं पिल्लू मात्र सहा पायांचं असतं, नाकतोड्यासारख्या किड्याच्या अंगाला चिकटून रक्त पितं आणि मोठं होताना पायांची चौथी जोडी मिळवतं.

वहीच्या मागच्या पानावर पायांचा हिशेब उघडला. कीटक सहा. कोळी, विंचू, गोचीड, मिरगाचा किडा आठ. खेकडा दहा, नांग्या धरून. बाकीचे मोजत बसणं शक्य नाही, ते पुढे. आजीला सांगितलं की मिरगाचा किडा किडा नव्हे. ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकाला सांग, त्यो आला की पेरणी हुती. मग त्यो कुणाचा का असंना."

१२ जून

चुलतभावाने ओढ्याकाठच्या बिळांतून खेकडे आणले. बारा-तेरा. बहुतेकांचा रस्सा ठरलेला. त्यातला एक लहान, उजव्या बाजूला नांगीच नाही. "ह्यात काय खायचंय?" म्हणून भावाने तो मला दिला. जुन्या प्लास्टिकच्या टबात माती, दोन इंच पाणी, एक फुटकं कौल. खाणं म्हणजे शिळा भात आणि पालकाची देठं. जिवंत प्राणी आहे, पण मारणार नाहीये, त्यामुळे नियम मोडत नाही.

आज नीट बघितला. पाठीच्या एका ढालीखाली डोकं आणि छाती एकजीव. पोट कुठे? उलटा केला की कळतं, ते खाली दुमडून छातीला चिकटवलेलं असतं. नराचं अरुंद त्रिकोणी, मादीचं रुंद, अंडी झाकता येतील असं. हा नर. शेतातल्या खेकड्याची मादी मोजकीच मोठी अंडी पोटाखाली धरते आणि त्यातून समुद्री खेकड्यासारख्या तरंगत्या अळ्या निघत नाहीत, थेट इवले खेकडेच निघतात. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात अळ्या सोडून भागणारही नाही.

ढालीची रुंदी ३१ मिमी. डावी नांगी २२ मिमी. उजव्या बाजूला बुडख्याशी तांदळाच्या दाण्याएवढा करडा फोड. जखम चिघळली असावी. त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

तोंडाजवळ सतत काहीतरी हलत असतं. भिंगाने बघितलं तर ते ओठ नाहीत, पाय आहेत. खेकड्याच्या तोंडाशी अवयवांच्या सहा जोड्या, सगळ्या पायाच्याच घडणीतून आलेल्या. कुणी धरणारं, कुणी चाळणारं, कुणी चावणारं. मिशांच्या दोन्ही जोड्याही त्याच वंशावळीतल्या. एकदा हे लक्षात आलं की हिशेब फिसकटतो, कारण दहा हे फक्त चालायचे आणि धरायचे झाले.

१५ जून

पाऊस. बाथरूममध्ये गोम, अंगणात वाणी. आमच्याकडे वाण्याला पैसाही म्हणतात, हात लावला की नाण्यासारखी गुंडाळी करतो म्हणून.

दोघांत फरक ओळखायला पळण्याची तऱ्हा पुरते. वाणी सावकाश, लाटेसारखे पाय उचलत, सडका पाला खात. अंगाच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या. गोम चपळ, शिकारी, प्रत्येक कड्याला एकच जोडी आणि मोठ्या गोमेच्या जोड्यांची संख्या नेहमी विषम. गोम 'चावते' म्हणतात, पण ती तोंडाने चावतच नाही. पायांची पहिली जोडी विषाच्या आकड्यांत बदललेली असते, ती पायाने डसते.

पुस्तकात वाणी 'सहस्रपाद', पण हजार पाय कुणातच सापडले नव्हते. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात जमिनीच्या खोल पोटात एक सापडला, त्याला १,३०६. नाव खरं ठरायला तोवर थांबावं लागलं.

मागच्या पानावर: रातकिडा पुढच्या पायांनी ऐकतो, कान नडगीवर असतात. घरमाशी पायांनी चव घेते. ती गुळाच्या ढेपेवर बसते तेव्हा बसणं आणि चाखणं एकच.

१९ जून

परवाच्या रश्श्यातलं एक कवच धुऊन ठेवलं होतं. शिजल्यावर लाल झालेलं. तो लाल रंग आधीपासून असतो, फक्त प्रथिनाने धरून ठेवलेला, म्हणून जिवंतपणी काळपट-तपकिरी दिसतो. उष्णतेने प्रथिन मोडलं की रंग सुटतो.

काचेच्या ग्लासात व्हिनेगर, त्यात कवच. लगेच बारीक बुडबुडे, सोडा फोडल्यासारखे. तो कार्बन डायऑक्साइड. खेकड्याच्या कवचात कायटिनच्या जोडीला चुन्याचा भाग असतो आणि आम्ल तो विरघळवतं. रात्री व्हिनेगर बदललं.

२० जून

कवच मऊ. आकार तोच, पण चिमट्याने वाकवलं तर ओल्या चामड्यासारखं वाकतं आणि सोडलं की सावकाश सरळ होतं. चुना गेला, कायटिन आणि प्रथिन उरलं. झुरळाची कात शेजारच्या ग्लासात टाकली होती, तिला काहीच झालं नाही, एक बुडबुडा नाही. तिच्यात विरघळण्याजोगा चुनाच नाही, तिचा टणकपणा प्रथिनांच्या आपसांतल्या गाठींचा. दोन्ही ग्लास एका फोटोत घेतलेत. अख्ख्या प्रकल्पातलं हे मला सगळ्यात आवडलंय.

घरात दोन दिवस व्हिनेगरचा वास. आजी बोलत नाहीये.

२४ जून

तीन दिवस वीज नाही. खेकडा ठीक. नोंद नाही.

२९ जून

देवघराच्या कोपऱ्यात मेलेला कोळी. मेलेल्या कोळ्याचे पाय आत का वळतात, हे कधी विचारलंच नव्हतं. कोळ्याच्या पायातल्या मोठ्या सांध्यांना आत ओढणारे स्नायू असतात, सरळ करणारे नसतात. पाय सरळ होतो तो अंगातला द्रव दाबाने आत ढकलल्यामुळे, जेसीबीच्या हातासारखा. जीव गेला, दाब गेला, स्नायू आखडले की मूठ मिटते.

शेजारच्या किराणा दुकानातून नोटा तपासायची निळी-जांभळी टॉर्च मागून आणली. रात्री बाबांना सोबत घेऊन विटांच्या ढिगाजवळ गेले, पायात गमबूट. दिवा फिरवला आणि दोन विटांच्या मधे हिरवट-निळा उजेड. विंचू. नांग्या, पाय, शेपटीची शेवटची गाठ, सगळं रेडियमच्या काट्यांसारखं. हे त्याच्या कवचातल्या द्रव्यांमुळे. नुकती कात टाकलेला विंचू असा चमकत नाही, कवच टणक होत जाईल तसा चमकू लागतो. टाकलेली कात मात्र चमकते.

बाबा चमकले ते वेगळ्या कारणाने. त्यांच्या लहानपणी गावातला एक मुलगा लाल विंचवाने गेला होता. तेव्हा उतारा म्हणजे मंत्र आणि कांद्याचा रस. विंचवाच्या विषाने हृदयावर येणारा ताण प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने आवरतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं आणि मरणारे वाचू लागले. टॉर्च परत देताना दुकानदाराने विचारलं, नोटा खोट्या निघाल्या का.

५ जुलै

खेकडा तीन दिवस खात नाही. कौलाखाली बसून. पाणी बदललं, उपयोग नाही. उजवीकडचा फोड आता हरभऱ्याच्या डाळीएवढा. चिघळतंय. मॅडमना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर फक्त "थांब, बघत राहा."

९ जुलै

खेकडा मेला. सकाळी टबाच्या मधोमध, हलत नाही, काडी लावली तरी नाही. डोळे पांढुरके. वाईट वाटलं. मी पाळायला नको होता. मृत्यूचं कारण: उजव्या बाजूची जखम (अंदाज).

९ जुलै, दुपार

वरची नोंद चूक. खोडत नाही, तशीच ठेवते.

नमुना म्हणून डबीत ठेवायला उचलला तर वजनच नाही. कागदी होडीसारखा हलका. ढालीची मागची कड वर उघडलेली, ट्रंकेच्या झाकणासारखी, आणि आत पोकळी. आतल्या भिंतींवर कल्ल्यांच्या आवरणाचे पिसांसारखे पापुद्रे. कौल उचललं. मागे कोपऱ्यात खेकडा होता. ओला, फिकट, मोठा.

बोट लावलं नाही, पण पाय स्वतःच्याच वजनाने वाकत होते. कात टाकल्यावर खेकडा अंगात पाणी भरून फुगतो आणि नवं कवच त्या मोठ्या मापात टणक होतं. आपण वाढतो रोज थोडं थोडं, हा वाढतो पायऱ्या चढत, आणि प्रत्येक पायरीवर काही तास त्याला कुणीही खाऊ शकतं. इतक्या दिवसांचा उपास त्यासाठी होता.

आणि उजवीकडे नांगी आहे.

छोटी, दुधी रंगाची, पण पूर्ण. दोन बोटं, सांधे, सगळं. तो फोड जखम नव्हताच. पिशवीत घडी घालून ठेवलेली नांगी होती ती, कात टाकली की उलगडणारी. खेकडा अडकलेला पाय स्वतःच ठरलेल्या रेषेवर तोडतो, तिथला पडदा लगेच मिटतो, रक्त फारसं जात नाही आणि मग आत नवा कोंब धरतो. महिनाभर मी त्याला 'चिघळतंय' म्हणून लिहीत होते. मॅडमना कळवलं. त्यांनी हसणारा चेहरा पाठवला, म्हणजे त्यांना ५ तारखेलाच माहीत होतं.

ही सगळी धांदल ज्या संप्रेरकाने सुरू होते त्याचं नाव एकडायसोन. १९५४ मध्ये ब्युटेनांट आणि कार्लसन यांनी ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात मिळवलं, रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोशितांपासून जेमतेम २५ मिलिग्रॅम. उसाच्या अर्ध्या टनाला चिमूटभर साखरही नाही, असा उतारा.

कात बाहेर काढणार होते, पण खेकडा चुन्यासाठी स्वतःची कात खातो, म्हणून पाय त्याच्यासाठी ठेवले आणि फक्त पाठीची ढाल घेतली. वाटणी बरोबर झाली की नाही ते तो सांगेल.

१४ जुलै

ठेवलेल्यातले चार पाय खाल्लेत. कवच टणक. माप घेताना चिमटा काढला, म्हणजे तब्येत बरी. ढाल ३६ मिमी, डावी नांगी २५, उजवी ९. पुढच्या काही कातींत उजवी डावीला गाठेल.

२१ जुलै

संग्रहाची वाट लागली. काड्यापेट्या कपाटाच्या वरच्या फळीवर होत्या, आज उघडल्या तर दोन्ही भुंगेऱ्यांची पोटं रिकामी, कोळ्याचे पाय विखुरलेले, आणि पेटीच्या भोकातून मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट खिडकीपर्यंत. डांबरगोळ्या टाकायला विसरले, चूक माझीच. झुरळाच्या कातीला आणि खेकड्याच्या ढालीला मात्र त्यांनी तोंड लावलेलं नाही. त्यात खाण्यासारखं काय आहे?

एक मुंगी भुंगेऱ्याचा पाय घेऊन चालली होती. सहा अधिक एक. तिला जाऊ दिलं.

२६ जुलै

पंचगंगेचं पाणी नदीकडच्या तुकड्यात शिरलं. राजाराम बंधारा केव्हाच बुडालाय. बाबा मोटर वर काढायला गेले, मी टब घेऊन मागून. ओढ्याकाठच्या त्याच बांधावर, भावाने बीळ खणलं होतं तिथून चार पावलांवर, टब आडवा केला. खेकडा आधी हलला नाही. मग तिरका तिरका उतरला, चिखलात थांबला, लहान नांगी पुढे करून भोकाच्या कडेची माती चाचपली आणि आत गेला.

भावाला जागा सांगितलेली नाही.

तक्ता करायचा राहिलाय. ढालीच्या डबीवर लेबल लिहिलं: नर, शेत-ओढा, वडणगे, ९ जुलै. कंसात 'मृत' लिहिलं होतं, खोडून 'कात' केलं.